फोरास रोडचे नाव आणि गासचा सारा : १७३९ नंतर वसईच्या वसुलाचे काय झाले?

वसईचा वेढा आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. सुरुंग, तटाला पडलेली खिंडारे, चिमाजी आप्पा, मे १७३९ मधील पोर्तुगीजांची शरणागती, आणि पुढे महाराष्ट्रातील देवळांत जाऊन टांगलेल्या चर्चच्या घंटा. या धाग्यात त्यांपैकी काहीही नाही. येथे विषय आहे किल्ला पडल्यानंतरच्या सकाळचा. निशाण बदलले, आता भोवतालच्या गावांचा वसूल कोणी घ्यायचा, कोणाकडून घ्यायचा आणि कोणत्या हिशेबाने?

प्रश्न रुक्ष वाटेल, तरी वाचत राहा. त्या युद्धात पोर्तुगीजांनी गमावलेल्या मुलखाची जी मोजदाद सांगितली जाते, तीत २० किल्ले, ४ मोठी बंदरे आणि ३४० गावे येतात. किल्ल्यांवर पुस्तके निघाली, बंदरांवर प्रबंध झाले. गावे मात्र 'मुलूख' या एका शब्दात गुंडाळली गेली. त्या गावांतला प्रत्येक शेतकरी १७३८ साली कोणाला तरी भात मोजून देत होता आणि १७४० सालीही देत होता. मधल्या दोन वर्षांत घेणारा हात बदलला. त्या बदलाचा हा धागा आहे.

उदाहरणादाखल एक गाव डोळ्यांसमोर ठेवू : गास. निर्मळ आणि सोपारा यांच्या शेजारचे, वसईच्या हिरव्या पट्ट्यातले. आज नालासोपाऱ्याच्या इमारती त्याच्या कुशीपर्यंत आल्या आहेत. येथील चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे आहे. वसईत जन्मलेला हा माणूस १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला हुतात्मा झाला आणि १८६२ साली संतपदास पोहोचला. गाव लहान, पण जगाशी नाते जुने. या पट्ट्यातल्या गावांनी पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा तिन्ही राजवटींचा सारा भरलेला आहे.

प्रथम पोर्तुगीजांची व्यवस्था समजून घेऊ, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. मुलूख मिळाला, पण त्यातून काय मिळते हे नव्या धन्याला कळेना. म्हणून सिमाँव बोतेल्यो या त्यांच्या महसूल अधिकाऱ्याने गोवा, वसई, चौल, दीव, होर्मुझ, मलाक्का अशा ठाण्यांची उत्पन्नाची वही तयार केली. ती १५५४ ची. तिला 'तोंबो' म्हणतात. ती छापून प्रसिद्ध झाली ती थेट १८६८ साली, लिस्बनमध्ये. वसईच्या आर्थिक इतिहासाला हात घालणाऱ्याला या वहीपासूनच आरंभ करावा लागतो.

तोंबो चाळताना एक गोष्ट लक्षात येते. वहीत गावे आहेत, रकमा आहेत, जकातीचे नाके आहेत, शेतकरी नाहीत. हे विस्मरणाने झालेले नाही. पोर्तुगीज राज्याला शेतकऱ्याशी थेट व्यवहार करायचाच नव्हता. राज्याने गावे आपल्या सरदारांना, सैनिकांना, अधिकाऱ्यांना आणि धर्मसंघांना लावून दिली होती, बहुधा तीन पिढ्यांच्या बोलीने. गाव धारण करणाऱ्याने राज्याला दरवर्षी ठरीव रक्कम द्यायची, शिवाय वेळप्रसंगी घोडा, शस्त्र आणि माणसे घेऊन हजर व्हायचे. या ठरीव रकमेचे नाव 'फोरो', आणि ती भरणारा तो 'फोरेइरो'.

मुंबई बेट हे याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. वसईच्या ताब्यातील या बेटाचा फोरो सालीना १,४३२½ परदाव इतका होता, आणि १५५० च्या दशकात ते बेट धारण करणारा गृहस्थ होता गार्सिया द ओर्ता, म्हणजे १५६३ साली गोव्यात औषधी वनस्पतींवरचा प्रसिद्ध ग्रंथ छापणारा वैद्य. अख्खी मुंबई एका वैद्यबुवांकडे खंडाने! अशा गोष्टी वाचल्या की अभ्यासाचा शीण उतरतो.

आता यातील मेख. समजा एका गावातून शेतकरी वर्षाला १०० मुडे भात देतात (आकडा केवळ समजुतीसाठी घेतला आहे). फोरेइरो त्यातून १० मुड्यांच्या किमतीचा फोरो वसईच्या खजिन्यात भरतो. उरलेले ९० त्याचे. पीक वाढले, नवी खाजण जमीन लागवडीखाली आली, तरी फोरो तेवढाच. राज्याच्या वहीत १० आहेत. १०० चा आकडा कोठे असेल तर फोरेइरोच्या घरच्या वहीत, नाहीतर गावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी. खजिना गरीब आणि किल्ल्यातले वाडे श्रीमंत, हे वसईचे कोडे येथे सुटते. वेढ्याच्या काळात गोव्याकडून पैसा आणि माणसे पुरेशी का आली नाहीत याची कारणे अनेक आहेत, पण ज्या राज्याने आपल्याच गावांचे उत्पन्न दोनशे वर्षे दुसऱ्याच्या हाती सोपवले होते, त्याच्याकडे संकटाच्या वेळी गंगाजळी नसावी यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

आणि शेतकरी? १६९५ साली जेमेल्ली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी या भागात आला होता. साष्टी बेटातील रयतेविषयी तो जे सांगतो त्याचा आशय असा : ही माणसे गावधन्यांच्या ताबेदारांहूनही हीन अवस्थेत आहेत, जमीन कसणे त्यांना भाग आहे, जाच असह्य झाला की ती एका गावातून दुसऱ्या गावात पळतात आणि धनी त्यांना बळाने परत आणतात. परक्या प्रवाशाचे लिखाण जपून वाचावे हे खरे. तरीही हा प्रवासी स्वतः कॅथलिक होता आणि पोर्तुगीजांचा पाहुणचार घेत फिरत होता. त्यांची बदनामी करण्याचे त्याला कारण नव्हते.

आता १७३९ कडे येऊ.

शरणागतीच्या कराराने पोर्तुगीजांना आपली माणसे आणि चीजवस्तू घेऊन जाण्याची मुभा मिळाली. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना धर्माचरणाची मोकळीकही कबूल झाली. फोरेइरो बहुतांशी निघून गेले. धर्मसंघ गेले. गावे जेथल्या तेथे राहिली आणि कसणारेही. म्हणजे मधला थर एकाएकी नाहीसा झाला आणि शेतकरी व सरकार दोनशे वर्षांनी प्रथमच समोरासमोर आले.

वसईचे पहिले सरसुभेदार शंकराजी केशव फडके. वसईचे नाव आता बाजीपूर झाले होते, पण ते टिकले नाही. पोर्तुगीज धारकांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. वरच्या हिशेबात सांगायचे तर १० मुड्यांच्या जागी १०० वर सरकारचा हक्क उभा राहिला. शेतकऱ्यावर एक दाणाही न वाढवता सरकारचे उत्पन्न अनेक पटींनी वाढण्याची ही संधी होती. पुण्याला तिची निकडही होती. बाजीरावांच्या डोक्यावरचे कर्ज आणि ब्रह्मेंद्रस्वामींशी चाललेला त्यांचा देण्याघेण्याचा पत्रव्यवहार मराठी वाचकाला परिचित आहे. मोहिमा कर्जावर चालत होत्या आणि जिंकलेला मुलूख त्या कर्जाचे तारण होता.

पण १०० चा आकडा सांगणार कोण? ज्यांच्या वहीत तो होता ते गलबतात बसून गोव्याला गेले. शेतकऱ्याला विचारावे तर तो १०० का म्हणेल?

येथे एक समांतर उदाहरण उपयोगी पडेल. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला तेव्हा नव्या देशांपुढे याच जातीचा पेच होता. सोव्हिएत खजिना मुख्यतः सरकारी कारखान्यांचा नफा आणि मालावरचा उलाढाल कर यांवर चाले. सामान्य नागरिकाने विवरणपत्र भरावे, जमीनमालकाने सारा भरावा, अशी सवय नव्हती आणि त्यासाठी लागणारी दफ्तरेही नव्हती. एस्टोनियाने १९९३ मध्ये जमिनीच्या मोलावर कर बसवला आणि १९९४ मध्ये प्राप्तीवर सर्वांना एकच २६ टक्के दर लावला. दर सोपा ठेवण्यामागे विचारसरणी होतीच. पण नवख्या यंत्रणेला झेपेल असा कर हवा, हाही त्यातला व्यवहार होता. जमिनी जुन्या मालकांना परत करण्याचे काम चालू असतानाच त्यांची नोंदही उभी राहत होती. राज्य बदलले की आधी वही हवी. दराचा वाद त्यानंतरचा.

वसईच्या सुभ्यातही सोपा मार्गच प्रथम धरला गेला. उत्तर कोकणाच्या महसुली भाषेत 'ढेप' आणि 'हुंडाबंदी' असे शब्द आढळतात. दोहोंचा गाभा एकच : जमीन नीट न मोजता तुकड्यावर ठोक आकार ठरवणे. या शेताचे इतके मुडे, त्या वाडीचे इतके. अशी पद्धत जुन्या माहितीवर आणि गावच्या कबुलीवर चालते. तिच्यात खोट अशी की ज्याची जमीन उत्तम आणि वजन मोठे, त्याचा हुंडा हलका राहतो, आणि ज्याच्या बाजूने बोलणारे कोणी नाही त्याच्या माथी जास्त पडते. कागदोपत्री मात्र दोघेही आपापला आकार चुकता करीत असतात.

मोजणी पुढे आली. १७७१-७२ च्या सुमारास त्रिंबक विनायक यांच्या कारकिर्दीत कल्याणच्या बाजूला जमीन मोजून बिघ्यावर आकार बसवण्याचे काम झाले, आणि १७८८-८९ च्या सुमारास सदाशिव केशव यांनी बिघेवार दरांची घडी पुन्हा बसवली. माप असे : २० काठ्यांचा एक पांड, २० पांडांचा एक बिघा. काठी किती हात लांब धरायची यावर शेतकऱ्याचे वर्ष सुखाचे की दुःखाचे ते ठरे. अनेकदा पुऱ्या क्रांतीपेक्षा काठीची लांबी महत्त्वाची असते, हे मला दफ्तरे वाचायला लागल्यापासून पटत चालले आहे.

सुधारणेची दुसरी बाजू पुण्यात होती, आणि ती पेशवाईच्या कारभारातील सर्वांत कमी कौतुक झालेली बाजू आहे. प्रत्येक महालासाठी आधी 'अजमास' होई, म्हणजे अपेक्षित जमाखर्चाचा अंदाज. त्यावरून 'बेहेडा' मंजूर होई. आजच्या भाषेत अंदाजपत्रक. वर्ष सरल्यावर 'ताळेबंद'. हे कागद पुण्याच्या हुजूर दफ्तरात येत आणि तेथील 'एकबेरीज दफ्तर' साऱ्या राज्याच्या हिशेबाची एकत्र बेरीज मांडी. कमाविसदाराने बेहेड्याबाहेर खर्च केला तर त्याला जाब विचारला जाई. वसई सुभ्याचा खर्चही भारी होता : किल्ल्याची शिबंदी, डागडुजी, देवस्थानांच्या नेमणुका, आणि सर्वांत मोठी बाब म्हणजे आरमार, कारण पेशव्यांच्या आरमाराचा सुभा वसईलाच होता. गासला लागून असलेल्या निर्मळच्या देवळांचा जीर्णोद्धार याच शंकराजीपंतांच्या नावावर आहे. कार्तिकात निर्मळच्या जत्रेला गेलात तर हे आठवा. त्या दगडांत या पंचक्रोशीतल्या भाताचाही वाटा असावा.

या कसोशीच्या हिशेबात एक भोक होते. त्याचे नाव 'रसद'. कमाविसदाराने नेमणूक घेताना वसुलाचा काही भाग सरकारात आगाऊ भरायचा, ती ही रसद. एवढी रोकड त्याच्याजवळ नसे. ती तो सावकाराकडून व्याजाने काढी. म्हणजे भात शेतात असतानाच त्याच्यावर सावकाराचे व्याज चढू लागे, आणि वसुलाच्या वेळी कमाविसदाराचा पहिला विचार सरकारचा नसून त्या व्याजाचा असे. जोवर हुजुरातून देखरेख कडक होती, तोवर हे भोक लहान राहिले. मधला माणूस पोर्तुगीजांबरोबर गेला असे आपण वर म्हटले. तो या भोकातून हळूच परत आत येत होता.

मग शेतकऱ्याचे काय सुधारले? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे. पळालेल्या रयतेला बळाने धरून आणणारा गावधनी गेला, ही लहान गोष्ट नव्हे. मोजणी झाली, आकार लिहिला गेला, तक्रार पुण्यापर्यंत नेण्याची वाट खुली झाली. पण धाऱ्याखेरीज पट्ट्याही आल्या, नाना नावांच्या, आणि १७६१ नंतर सरकारची गरज वाढली तशी त्यांची यादीही लांबली. पेशव्यांचे कर्ज फेडण्यासाठी बसवलेल्या पट्टीला तर सरळ 'कर्जपट्टी' असेच नाव होते. नावात तरी लपवाछपवी नव्हती. जुन्या धन्याचा जाच गेला आणि त्याच्या जागी चांगल्या हिशेबाचा भार आला, असे माझे मत आहे. 'मुक्ती' आणि 'लूट' यांपैकी एकच शब्द निवडा म्हणून हट्ट धरणाऱ्यांशी माझे जमत नाही.

पुढचे वेगाने सांगतो. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे जिंकून साष्टी घेतली. डिसेंबर १७८० मध्ये गॉडर्डने वसई घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती मराठ्यांना परत मिळाली, साष्टी मात्र गेली ती गेलीच. म्हणजे खाडीच्या एका तीरावर कंपनीचा अंमल आणि दुसऱ्या तीरावर पेशव्यांचा, अशी सुमारे पस्तीस वर्षे गेली. शेजारशेजारच्या दोन महसूल व्यवस्था इतक्या जवळून ताडून पाहण्याची संधी क्वचित मिळते. प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांनी हा उचलावा.

वसईच्या तीरावर दुसऱ्या बाजीरावांच्या काळात रसदेचे भोक पुरते फाटले. मामलती जास्त बोली बोलणाऱ्याला मक्त्याने जाऊ लागल्या. मक्तेदाराची मुदत तुटपुंजी आणि भरवसा त्याहून तुटपुंजा, म्हणून वर्षादोन वर्षांत निघेल तेवढे काढून घेणे हाच त्याचा कारभार. बेहेडे लिहिले जात राहिले. त्यांच्यातला जीव गेला.

साष्टीच्या तीरावर तर अधिकच चमत्कारिक घडले. मराठ्यांनी सरकारजमा केलेल्या जमिनी इंग्रजांकडे आल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनीने त्यांतली बरीच गावे मुंबईच्या धनिकांना देऊन टाकली. फ्रामजी कावसजींना मिळालेले पवई हे त्यांतले ठळक नाव. शंभर वर्षांपूर्वी हटवलेला गावधनी नव्या पगडीत परत आला. त्या इस्टेटींच्या महसूलमाफीचा शेवट करायला मुंबई राज्याला १९५१ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

आणि फोरो? तो शब्द मेला नाही. मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे गेली तरी त्या धाऱ्याच्या जमिनींना 'फोरास' जमिनी म्हणत राहिले. त्यांच्यासाठी १८५१ मध्ये कायदाही झाला. त्यांच्यामधून जाणारा रस्ता तो फोरास रोड. त्या रस्त्याचे नाव ऐकून लोकांच्या मनात भलतेच चित्र उभे राहते. त्याच्या मुळाशी आहे ती पोर्तुगीज राजाच्या खंडाची रक्कम.

आता गासला परत येऊ, कारण 'वही कोणाची' हा प्रश्न तेथे अजून ऐतिहासिक झालेला नाही.

३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावांतून मोठे आंदोलन उभे राहिले. २०११ मध्ये शासनाने गाससह २९ गावे पालिकेतून वगळण्याचा निर्णय घेतला; प्रकरण न्यायालयात गेले आणि निर्णय अंमलात न येता अडकून राहिला. २०२४ मध्ये शासनाने तो मागे घेतला व गावे पालिकेतच ठेवण्याचे ठरवले. या पंधरा वर्षांत वाद अनेक अंगांनी झाला : हिरवा पट्टा, बांधकामे, पाणी, घरपट्टी. घरपट्टी वाढेल ही धास्ती खरीच होती. तिच्याबरोबर आणखी एक मुद्दा होता, ज्याची बातमी क्वचितच होते.

ग्रामपंचायतीचा जमाखर्च ग्रामसभेपुढे येतो. तेथे शंभर माणसे बसलेली असतात, निम्मी एकमेकांची नातेवाईक, आणि दिवाबत्तीच्या खर्चाचा आकडा वाचला गेला की कोणीतरी आजोबा उठून विचारतात, त्या वळणावरचा दिवा तर लागतच नाही, मग हे पैसे कशाचे? ग्रामसभा नेहमी अशी जागी असते असा माझा दावा नाही. कित्येकदा गणसंख्याही भरत नाही. महानगरपालिकेचे अंदाजपत्रक त्याहून कितीतरी मोठे आणि कदाचित अधिक नेटके असते. पण त्या सभागृहात गासच्या आजोबांना उभे राहून बोलण्याची सोय नाही. पालिकेचे समर्थकही खोटे बोलत नाहीत : गटारे, पाणी, अग्निशमन या गोष्टी एकेकट्या पंचायतीला झेपत नाहीत, आणि नालासोपाऱ्याचे सांडपाणी गावची हद्द पाहून थांबत नाही.

धागा येथे थांबवतो. एक विनंती. वसईच्या गावांतील जुन्या घरांत, पेटाऱ्यांत, देव्हाऱ्यामागे किंवा क्रुसाखालच्या कपाटात सारा भरल्याच्या जुन्या पावत्या, मोडीतले कागद, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या अजून सापडतात. कोणाकडे असतील तर फेकू नका. सावलीत, सपाट ठेवून छायाचित्र काढा, मागच्या बाजूचेही काढा, कारण पुष्कळदा खरा हिशेब पाठीमागेच लिहिलेला असतो. मोडी वाचून देण्याचे काम माझे.